लागोपाठ दोन पिवळे

त्या ओढ्यात मासे नाहीत, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्यामुळे रविवारी सकाळी काठावर उकिडवा बसलेला, पाण्यात काळी वायर सोडून तिच्या दुसऱ्या टोकाकडे टक लावून बघणारा माणूस दिसला, तेव्हा ती चालता चालता थांबली. मावशीकडून घरी परतत होती. घाई कसलीच नव्हती आणि माणूस तर अगदीच भाबडा दिसत होता.

"इथे काही लागणार नाही हं!" तिने वरूनच सांगितलं.

त्याने मान वर केली नाही. "लागलंय."

"काय?"

"मीठ. ढीगभर."

ती दोन पावलं खाली उतरली. पाणी तर नितळ होतं, तळाचे दगड दिसत होते. "मला तर काही दिसत नाही."

"तीच तर गंमत आहे." आता त्याला बोलायला माणूस मिळाला होता. "रंग वाहत आला असता तर केवढा बोभाटा झाला असता. वर सूत रंगवण्याचा कारखाना आहे म्हणे. रंग तेवढा गाळून ठेवतात आणि मीठ देतात सोडून. दिसत नाही ना, मग विचारतो कोण? खालच्यांच्या विहिरी खाऱ्या होवोत नाहीतर काही होवो. लोक पण ना, एकेक…"

"मी त्याच कारखान्यात आहे," ती म्हणाली.

वायरीचं टोक हातातून सुटलं आणि तिला जोडलेलं, मीठ मोजायचं मीटर बुडता बुडता त्याने कसंबसं झेललं. मग तो उभा राहिला. उंच होता, आणि त्याच्या बुटांवर ओल वाळून पांढऱ्या रेघा उठल्या होत्या.

"म्हणजे… मला तसं म्हणायचं नव्हतं."

"मग कसं म्हणायचं होतं?"

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. "तसंच म्हणायचं होतं. पण तुमच्यासमोर नाही."

ती रागवायच्या बेतात होती, पण हसूच आलं. आणि एकदा हसल्यावर कसलं रागावणार?

"उद्या तुमच्याकडेच यायचंय मला," तो म्हणाला, "यंत्र घेऊन. हे मीठ काढायला."

"या की. मग बघू, कोण कोणाला काय काय बोलतं ते."

वळणापर्यंत मागे बघायचं नाही, असं तिने पक्कं ठरवलं. ठरवलं होतं खरं.

*

कारखान्यात तिला सगळे छटाताई म्हणत. बाप तिथला रंगमास्तर, आणि ती उत्तरेच्या खिडकीपाशी नमुन्यांच्या खोलीत बसणारी. रंगवलेलं सूत गिऱ्हाइकाच्या नमुन्याशी जुळतं की नाही, हे सांगायचं काम तिचं. "एक छटा कमी आहे," असं ती म्हणाली की अख्खा हौद पुन्हा तापवला जाई आणि कोणी हूं की चूं करत नसे. तिची नजर चुकत नाही, यावर मास्तरांचा एवढा विश्वास होता, की पुढच्या वर्षी रंगाचं सगळं काम तिच्यावर सोपवून आपण मोकळं व्हायचं, असं ते चारचौघांत बोलून दाखवत.

पण पुढचं वर्ष कारखान्याला दिसणार का, हाच प्रश्न होता.

सुताला रंग धरावा म्हणून हौदात मीठ घालावं लागतं, आणि थोडंथोडकं नाही, पोत्यांनी. सूत धुतलं की ते सगळं पाण्याबरोबर बाहेर जातं. रंग टाक्यांमध्ये खाली बसतो, मीठ बसत नाही. कुठल्याही गाळणीत अडकत नाही. इतकी वर्षं ते ओढ्यात जात होतं. मावशीच्या विहिरीचं पाणी आता चहालासुद्धा चालत नव्हतं. अंगणातली झाडं एकेक करून गेली होती. मावशी कधी तोंडातून चकार शब्द काढत नसे. भाची तिथे कामाला आहे ना, म्हणून. आणि तेच भाचीला जास्त लागत असे. आपण खिडकीपाशी बसून एवढे सुंदर रंग जुळवतो, त्यांचं उष्टं पाणी मावशीच्या दारात जातं, हा विचार अलीकडे तिची पाठ सोडत नव्हता.

आता तर हुकूमच आला होता. महिनाअखेरीस कारखान्यातून बाहेर जाणाऱ्या नळाला सील लागणार. मालकीणबाईंसमोर दोनच वाटा होत्या. तेच पाणी स्वच्छ करून आतल्या आत फिरवायचं, नाहीतर दाराला कुलूप लावायचं. त्यांनी यंत्र मागवलं. मास्तरांनी मात्र एक अट घातली, "मीटरवर ते पाणी आपल्या नळाच्या पाण्याइतकं गोडं दिसलं, तरच मी त्यात सूत बुडवेन. नाहीतर माझ्याच्याने होणार नाही. रंग बिघडवून कारखाना चालवण्यापेक्षा बंद केलेला बरा."

सोमवारी यंत्र आलं. त्याच्यामागोमाग तो आला. बूट पुसून आला होता.

"इलेक्ट्रोडायलिसिस," त्याने मास्तरांना सांगितलं.

"डायलिसिस? ते मूत्रपिंडाचं करतात ना हो?"

"त्याचंच लांबचं भावंड समजा. तिथे रक्त असतं, इथे तुमच्या हौदाचं पाणी."

"म्हणजे आमचा कारखाना आता आजारी धरायचा," मास्तर म्हणाले आणि हसायचं की नाही ते न ठरवताच निघून गेले.

*

पहिल्या आठवड्यात त्याने नळ जोडले, पंप बसवले, गाळण्या लावल्या. चहाच्या सुट्टीत मात्र तो नेमका उत्तरेच्या खिडकीपाशी उगवायचा. कारण दर वेळी वेगळं असे. कधी फडकं हवं असे, कधी वेळ विचारायची असे. मनगटावर घड्याळ असताना.

"एवढं ते यंत्र करतं तरी काय?" एकदा तिने विचारलं.

"मीठ पाण्यात विरघळलं की त्याचे दोन भाग सुटे होतात. वीज लावली की एक या टोकाकडे पळतो, दुसरा त्या टोकाकडे. मधे पातळ पडदे असतात, दोन जातींचे. एक जात एकालाच वाट देते, दुसरी दुसऱ्यालाच. आलटून पालटून लावले की एका फटीतलं पाणी गोडं होत जातं आणि शेजारच्या फटीत मीठ साठतं. गोडं पाणी तुम्ही परत धुवायला घ्या, आणि साठलेलं मीठ पुढच्या रंगात घाला. ओढ्याला काहीच जात नाही."

"म्हणजे जोडप्यांना वेगळं करायचा धंदा आहे तुमचा."

"वेगळं करतो, पण एकटं ठेवत नाही. शेजारच्या फटीत दुसरा जोडीदार उभाच असतो."

"बरीच सोय आहे की!"

"मिठाची आहे," तो कपात बघत म्हणाला. "आमची अजून काही झाली नाही."

तिने एक सुताची लडी उचलली आणि उगाचच खिडकीकडे धरली. काही जुळवायचं नव्हतं. थोड्या वेळाने तो म्हणाला, "तुम्हाला हाक काय मारायची, तेच मला कळत नाही. मॅडम म्हटलं की तुम्ही मागे वळून बघता."

"सगळे छटाताई म्हणतात. तुम्हीही म्हणा."

"मी नाही म्हणणार."

"का? काय वाईट आहे?"

"वाईट काही नाही. पण एकदा ताई म्हटलं…" त्याने कप खाली ठेवला. "…की संपलंच की सगळं."

आणि ती काही बोलायच्या आत, फडकं तिथेच विसरून, तो निघून गेला. ती बराच वेळ त्या फडक्याकडे बघत राहिली. मग स्वतःवरच चिडली, आणि त्या दिवशीचे सगळे नमुने तिने नेहमीपेक्षा भराभर उरकले.

*

पडदे जोडायचा दिवस आला आणि अडचण निघाली. पडदे आदल्या दिवसापासून मिठाच्या पाण्यात भिजत घातले होते. तसे घालावेच लागतात. पण या खेपेच्या पडद्यांवरचे शिक्के कच्च्या शाईचे निघाले. सकाळी बघतो तर सगळे धुऊन गेलेले. शेकडो पडदे, बोटांच्या टोकांपासून कोपरापर्यंत लांब, भिजल्या कागदासारखे लिबलिबीत. आणि दिव्याखाली सगळे एकसारखे.

"एकेका पडद्यावर रंगाचा थेंब टाकला तर जात कळेल," तो कपाळाला हात लावून म्हणाला, "पण मग पडद्यावर डाग राहील."

तिने भांड्यातून दोन पडदे उचलले. "हा पिवळा, हा पांढरा."

"दोन्ही सारखेच तर आहेत!"

"तुम्हाला."

मग त्यांनी सगळा पसारा नमुन्यांच्या खोलीत, उत्तरेच्या खिडकीपाशी हलवला. तिथल्या उजेडात त्यालाही फरक जेमतेम कळू लागला. कामाची एक रीत होती, ती त्याने समजावून सांगितली. देणाऱ्याने पडद्याची जात मोठ्याने म्हणायची. घेणाऱ्याने पडदा उजेडात धरून स्वतः बघायचा, तोच शब्द पुन्हा म्हणायचा, मगच चळतीवर ठेवायचा. वर एक जाळी, जाळीवर पुढचा पडदा. "हे फार बावळटासारखं वाटतं," तो म्हणाला, "पण याशिवाय कुठेच जोडत नाहीत."

"पिवळा."

"पिवळा."

"पांढरा."

"पांढरा."

सकाळभर खोलीत एवढंच चाललं होतं. चळत वाढत होती. दुपारी बाहेर वाफेचा आवाज थांबला, माणसं जेवायला गेली आणि खोलीत पाणी ठिबकण्याचा तेवढा आवाज राहिला. ती भांड्याच्या या बाजूला, तो चळतीच्या त्या बाजूला. मधे हातभर अंतर.

"एक विचारू?" तो म्हणाला.

"पांढरा."

"पांढरा. विचारू का?"

"विचारा की. पिवळा."

"पिवळा. एवढे रंग रोज बघता, त्यातला तुम्हाला आवडतो कुठला?"

ती जरा थांबली. हे तिला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. जुळतो का, एवढंच विचारत. "नाव नाही त्याला," ती म्हणाली. "निळं सूत वाळत घातलं की अर्धवट ओलं असताना एक रंग येतो. वाळलं की जातो. नमुन्यात कुठेच नाही तो. संध्याकाळी अंगणात थोडा वेळच दिसतो."

"मी असतो की संध्याकाळी अंगणात."

"मग दिसला असेल."

"नाही…" तो हळूच म्हणाला, "मी दुसरीकडेच बघत असतो."

कुठे, ते तिने विचारलं नाही. तिने भांड्यात हात घातला, एक पडदा पुढे केला. त्याने तो घेतला. ओल्या कडेवर त्याची बोटं तिच्या बोटांना लागली आणि लगेच दूर झाली नाहीत. पाण्याचा ओघळ त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत गेला. दोघांनी तो जाऊ दिला. खिडकी उघडी असून उकडत होतं.

मग दारात कोणाची तरी चाहूल लागली.

"पांढरा," पुढचा पडदा उचलत ती घाईने म्हणाली.

"पांढरा," तो म्हणाला.

संध्याकाळी दोन्ही बाजूंना जाड पट्ट्या लावून बोल्ट आवळले. मास्तर येऊन बघून गेले. "मुलगी होती म्हणून निभावलं," असं म्हणाले. तो लगेच म्हणाला, "अगदी खरं."

*

यंत्र सुरू करायला सगळा कारखाना जमला. पंप गुरगुरले, विजेचा काटा चढला. त्याने बाहेर येणाऱ्या पाण्यात मीटर बुडवलं आणि बराच वेळ काढलंच नाही.

पाणी जेवढं खारट आत जात होतं, जवळजवळ तेवढंच खारट बाहेर येत होतं.

"होईल हळूहळू," तो म्हणाला. पण झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्याने पंप उघडले, गाळण्या धुतल्या, वायरी बदलल्या, पाण्याचा वेग कमी करून बघितला, वाढवून बघितला. दाढी वाढली, चहाच्या सुट्टीत तो खिडकीपाशी यायचा बंद झाला. शुक्रवारी सील लावणारी माणसं यायची होती. बुधवारी त्याच्या कंपनीतून फोन आला, की यंत्र गुंडाळून परत आणा. बाकीचं आल्यावर बोलू. 'बाकीचं' म्हणजे काय ते त्याने कोणाला सांगितलं नाही. पण फोन ठेवल्यावर त्याचा चेहरा असा काही उतरला होता, की सांगायची गरजही नव्हती.

ती चहा घेऊन यंत्रापाशी गेली. तो एका उपड्या टबावर बसला होता.

"मला काही सुचतच नाही," तो म्हणाला. "वीज खातंय म्हणजे काम करतंय. मीठ हलतंय. पण असं वाटतं, की अर्धं यंत्र मीठ काढतंय आणि उरलेलं अर्धं ते परत त्याच पाण्यात घालतंय."

"असं कधी होतं का?"

"होतं ना. एका जातीचे दोन पडदे लागोपाठ आले की होतं. तिथून पुढे सगळी फिरवाफिरव होते. जिथे गोडं व्हायचं तिथे खारं, जिथे खारं व्हायचं तिथे गोडं. शेवटी हातात काहीच उरत नाही." त्याने चहाचा घोट घेतला. "पण आपल्याकडे ते शक्यच नाही. पडदे तुम्ही दिलेत."

तिने हातातली बशी खाली ठेवली.

ती नमुन्यांच्या खोलीत परत आली, दार लावून घेतलं आणि खिडकीपाशी बसली. पांढरा, विचारा की, पिवळा. मग आवडता रंग. मग अंगण. मग… तिने पडदा पुढे केला होता. त्याने घेतला होता. कोणी काही म्हटलं होतं? तिने पुन्हा पुन्हा आठवून बघितलं. नव्हतं म्हटलं. तिथे शब्दच नव्हता. तिथे फक्त त्याची बोटं होती, आणि बोटांखाली ओली, पिवळसर कड.

गप्प बसली तर कोणालाच काही कळणार नव्हतं. यंत्र परत गेलं असतं, पडदे खराब निघाले असं सगळे म्हणाले असते, बोल त्याला लागला असता. तो तर सगळं तपासत सुटला होता, एक तिचा हात सोडून. तिच्यावरचा विश्वासच त्याला बुडवत होता. आणि सांगितलं तर? सांगितलं तर सगळे विचारणार, की छटाताई कशी चुकली? त्याला उत्तर द्यावं लागणार. बापासमोर. तिने समोरची लडी उजेडात धरली, पण डोळे भरून आल्यामुळे कुठलाच रंग धड दिसेना. तेव्हा तिला स्वतःशी कबूल करावं लागलं, की तिला तो आवडतो. थोडाथोडका नाही, फार आवडतो.

बाहेर मालकीणबाईंचा आवाज आला. उद्या ट्रक बोलवा म्हणत होत्या.

ती उठली.

यंत्रापाशी तिघे उभे होते. मास्तर म्हणत होते, "न्यायच्या आधी एकदा पडदे उघडून तर बघा."

"मास्तर, जोडणीत चूक नाही," तो थकलेल्या आवाजात म्हणाला. "तुमची मुलगी बसली होती समोर."

"हं. मग नाहीच," मास्तर म्हणाले. त्याही वेळी त्यांची मान ताठ होती.

"बाबा, उघडायला सांगा ते," ती म्हणाली. "लागोपाठ दोन पिवळे गेलेत. मीच दिले."

मास्तर हसले. "दमली आहेस तू. जा, घरी जा."

"दमले नाही, बाबा. खरंच दिले."

"पण कसे? तुझी नजर म्हणजे…"

"माझी नजर पडद्यांवर नव्हती."

"मग कुठे होती?"

प्रश्न साधा होता. मास्तर कुठल्याही कामगाराला विचारत तसाच त्यांनी तो विचारला. ती खाली फरशीकडे बघत होती, तिने मान वर केली.  आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता.

"यांच्याकडे," ती म्हणाली.

पंपाचा आवाज एकदम फार मोठा झाला. मालकीणबाई यंत्रावरच्या एका काट्याचं बारकाईने निरीक्षण करू लागल्या. मास्तरांनी मुलीकडे बघितलं, मग त्याच्याकडे, मग पुन्हा मुलीकडे.  

तो पुढे आला. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला होता.

"मास्तर, ही चूक त्यांची एकट्यांची नाही. ही चूक एकट्याला करताच येत नाही. त्यांनी दिलेला प्रत्येक पडदा मी उजेडात धरून बघायचा असतो, मोठ्याने म्हणायचं असतं. ती माझीच रीत, मीच शिकवली. दुसरा पिवळा माझ्या हातातून गेला आणि मी बघितला नाही."

"तुम्ही का नाही बघितला?" मास्तरांनी विचारलं. खरं तर त्यांना कळलं होतं.

"मी त्यांच्याकडे बघत होतो."

तिने चमकून त्याच्याकडे बघितलं. दोन दिवस उपाशी असल्यासारखा दिसत होता, हातांना ग्रीस लागलं होतं, आणि तो तिच्या बापाच्या डोळ्याला डोळा देऊन उभा होता. तिला इतकं हलकं वाटलं, की रडू येईल की हसू, हेच कळेना.

मास्तरांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला.

"म्हणजे त्या दुपारी," ते सावकाश म्हणाले, "पडद्यांकडे बघायला कोणीच नव्हतं."

*

यंत्र उघडलं. चळतीच्या साधारण मध्यावर ते दोघे सापडले, जाळीच्या वर एक आणि खाली एक, दोन्ही पिवळे. तिने दारातूनच ओळखले.

त्यानंतर सगळी चळत मास्तरांच्या हुकमाखाली नव्याने लावली गेली. "पडदे मी देतो," ते म्हणाले. "तुम्ही घ्या. आणि तू बाहेर बस. दार लावून घे." ती अंगणात पायरीवर बसली. आतून बापाचा खणखणीत आवाज येत होता. "पिवळा!" आणि मागोमाग त्याचा, शाळेतल्या मुलासारखा, "पिवळा." मधेच एकदा तो थोडा रेंगाळला, तेव्हा मास्तर ओरडले, "खिडकीबाहेर नाही, पडद्याकडे!" पायरीवर बसल्या बसल्या तिला हसू आवरेना.

गुरुवारी दुपारी यंत्र पुन्हा चालू झालं. या वेळी मीटरचा आकडा उतरू लागला. आधी थोडा, मग सरसर. मास्तर तिथेच खुर्ची टाकून बसले होते. आकडा नळाच्या पाण्याच्या बरोबरीला आला, थोडा खालीही गेला, तेव्हा ते काही न बोलता उठले आणि त्या पाण्यात त्यांनी स्वतःच्या हाताने एक लडी रंगवली. फिका राखाडी रंग. पाण्यात एवढासा दोष असला तरी लगेच चुगली करणारा.

लडी वाळल्यावर ती घेऊन ते नमुन्यांच्या खोलीत आले. मुलीच्या खुर्चीमागे चार माणसं उभी होती. मास्तरांना स्वतःलाही रंग कळत होता, चांगला कळत होता. पण त्यांनी लडी तिच्याच हातात दिली.

"बघ," ते म्हणाले. "तू सांगशील ते."

तिने खिडकीत धरली. नमुना शेजारी धरला. एका बाजूने बघितलं, उलटी करून बघितलं. बापाने आपल्यावरचा विश्वास काढून घेतला नव्हता. 

"जुळतो," ती म्हणाली. "छटाभरही फरक नाही."

शुक्रवारी माणसं आली, बाहेरच्या नळाला सील लावून, सह्या घेऊन गेली. कारखाना चालूच होता. ती सरळ मावशीकडे गेली आणि सांगून आली. विहीर काही लगेच गोडी होणार नव्हती, वर्षं लागणार होती. पण मावशी म्हणाली, "लागू देत गं. सुरुवात तर झाली." आणि पहिल्यांदाच म्हणाली, की खारट झालेल्या चहाचं आपल्याला किती वर्षं वाईट वाटत होतं.

शनिवारी तो निघाला. पुढचं काम चामड्याच्या कारखान्यात होतं, दूर. बॅग दाराशी ठेवून तो नमुन्यांच्या खोलीत आला. या वेळी कारण काहीच नव्हतं.

"तिथलं पाणी इथल्यापेक्षा वाईट आहे," तो म्हणाला.

"मग जायलाच हवं."

"हो. दोन-तीन महिने तरी…" तो खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवत राहिला. "एक विचारायचं होतं. तुम्हाला कधी कळलं?"

"काय?"

"तेच. मास्तरांना सांगितलंत ते."

तिने हातातलं सूत खाली ठेवलं. "खरं सांगू? तुम्ही टबावर बसून म्हणालात ना, एका जातीचे दोन पडदे लागोपाठ आले तर… तेव्हा. चूक माझी आहे हे आधी कळलं. का झाली, ते मग कळलं."

"त्याआधी काहीच नाही?"

"त्याआधी वाटायचं, खोलीत उकडतंय."

तो हसला, अगदी मोकळेपणाने, आणि मग गंभीर झाला. जवळ आला. पण मधे हातभर अंतर त्याने ठेवलं.

"मी परत आलो," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याने 'तुम्ही' टाळलं, "तर… लग्न करशील माझ्याशी?"

बाहेर अंगणात मास्तर विनाकारण मोठ्याने खोकले. तिने दाराकडे बघितलं नाही, खिडकीकडे बघितलं नाही. त्याच्याकडे बघितलं, चांगलं डोळे भरून, आणि बाहेर ऐकू जाईल एवढ्या स्पष्ट आवाजात "हो" म्हणाली.